शाळेत पोलीस कशासाठी? अमेरिकेतल्या 'एसआरओ'बद्दल सोप्या मराठीत

अमेरिकेत कुठल्याही शाळेत गोळीबार झाला की इकडच्या प्रत्येक मराठी घरात पुण्याहून नाहीतर नाशिकहून फोन येतोच, "अगं, तुमच्या शाळेत पोलीस असतो ना?" असतो म्हटलं की समोरच्याला जरा बरं वाटतं. आणि मग थोड्या दिवसांनी तोच माणूस बातमी वाचतो की अमुक शहरात पालकांनी आणि मुलांनी मोर्चा काढला, शाळेतले पोलीस काढा म्हणून, आणि पार गोंधळून जातो. पोलीस हवेत म्हणणारेही पालकच आणि नकोत म्हणणारेही पालकच, आणि खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या मुलांच्या काळजीनेच बोलत असतात. माझी दोन्ही मुलं इथे न्यू जर्सीत सरकारी शाळेत जातात, आणि आपल्या लोकांच्या ग्रुपवर या विषयावर फार अर्धवट माहिती फिरते, म्हणून एकदा पहिल्यापासून सगळं लिहून काढतेय.

हा पोलीस म्हणजे नेमका कोण?

शाळेत नेमणूक झालेल्या पोलिसाला इथे 'स्कूल रिसोर्स ऑफिसर' म्हणतात, थोडक्यात एसआरओ. बऱ्याच जणांना तो शाळेचा सिक्युरिटी गार्ड वाटतो, पण तो शहराच्या पोलीस खात्यातला किंवा काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) पोलीस प्रमुखाकडचा, शेरीफकडचा, पक्का, शपथ घेतलेला पोलीस असतो. कमरेला भरलेली बंदूक, हातकड्या, आणि रस्त्यावरच्या पोलिसाला असतो तेवढाच अटक करायचा अधिकार. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की त्याचा साहेब पोलीस खात्यात बसतो, शाळेत नाही. प्रिन्सिपल त्याला बोलावू शकते, विनंती करू शकते, पण याला अटक करा किंवा करू नका अशी ऑर्डर देऊ शकत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचे निम्मे वाद इथूनच निघतात.

आता सगळीकडे हीच पद्धत आहे असंही नाही, कारण अमेरिकेत शाळांचा कारभार एका जागेवरून चालत नाही. तेरा हजारांच्या आसपास 'स्कूल डिस्ट्रिक्ट' आहेत, म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा भागाच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, बहुतेकांचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं, आणि प्रत्येक जण आपापलं ठरवतो. लॉस एंजेलिस, ह्यूस्टन अशा मोठ्या डिस्ट्रिक्टचं तर स्वतःचं वेगळं पोलीस खातंच आहे. न्यूयॉर्क शहरात १९९८ पासून शाळांची सुरक्षा शहर पोलिसांकडे आहे, पण तिथे शाळेच्या दारात जे 'स्कूल सेफ्टी एजंट' दिसतात त्यांच्या अंगावर युनिफॉर्म असला तरी त्यांच्याकडे बंदूक नसते. आमच्या न्यू जर्सीत २०१६ साली कायदा झाला आणि रिटायर्ड पोलिसांना खास शाळेसाठी नेमायची सोय झाली, त्यांना 'क्लास थ्री' ऑफिसर म्हणतात. त्यामुळे टेक्सासमधल्या तुमच्या भाच्याचा अनुभव आणि माझ्या मुलीचा अनुभव एकसारखा असेलच असं नाही.

अंदाज यावा म्हणून सांगते, २०१९-२० च्या सुमाराला देशात साधारण २३ हजार एसआरओ होते आणि जवळपास निम्म्या सरकारी शाळांमध्ये आठवड्यातून एकदा तरी असा पोलीस यायचा. १९७० च्या दशकात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं.

एक टक्क्यावरून निम्म्यापर्यंत कसं पोचलं?

सुरुवात झाली १९५० च्या दशकात, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी. तेव्हाचा हेतू अगदी साधा होता, पोरांची आणि पोलिसांची ओळख व्हावी, भीती कमी व्हावी. शाळेतल्या गोळीबाराचा तेव्हा विषयही नव्हता.

खरी वाढ झाली १९९० च्या दशकात. अल्पवयीन मुलांची गुन्हेगारी वाढतेय याची त्या वेळी देशभर भीती होती. १९९४ साली केंद्राने कायदा केला की जो विद्यार्थी शाळेत बंदूक आणेल त्याला किमान एक वर्ष शाळेतून काढायचं, आणि हा नियम जे राज्य करणार नाही त्याचा शाळांसाठीचा केंद्राचा निधी बंद. त्याला 'झीरो टॉलरन्स' म्हणायला लागले. म्हणजे चूक झाली की शिक्षा ठरलेली, परिस्थिती बघायची नाही. बंदुकीसाठी आलेला हा कडकपणा हळूहळू मारामारी, सिगारेट, उलटं बोलणं इथपर्यंत पसरत गेला. त्याच वर्षी केंद्राच्या न्याय खात्यात पोलीस भरतीसाठी पैसे देणारं एक ऑफिस सुरू झालं.

मग २० एप्रिल १९९९. कोलोरॅडोतलं कोलंबाइन हायस्कूल. दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलांना आणि एका शिक्षकाला मारलं. टीव्हीवर तासन् तास ते लाइव्ह चाललं होतं आणि त्या दिवसानंतर अमेरिकेतल्या पालकांच्या डोक्यातली शाळा बदलली ती बदललीच. केंद्राने पुढच्या काही वर्षांत ७५ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम फक्त शाळांमध्ये पोलीस नेमायला दिली, त्यातून साडेसहा हजारांवर एसआरओ आले. पुढे प्रत्येक मोठ्या घटनेनंतर एक थर वाढत गेला. २०१२ मध्ये सँडी हुक शाळेतल्या गोळीबारात वीस लहान मुलं आणि शाळेतली सहा मोठी माणसं गेली, २०१८ मध्ये पार्कलँडला सतरा जण गेले आणि फ्लोरिडाने प्रत्येक सरकारी शाळेत शस्त्रधारी माणूस सक्तीचा केला, २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला आणि पुढच्या वर्षी टेक्सासनेही तसाच कायदा केला.

म्हणजे बघा, आणलं ओळख वाढवायला, वाढवलं बंदूकवाल्याच्या भीतीने, आणि प्रत्यक्षात रोजचं काम तिसरंच.

मग रोज हा करतो काय?

एसआरओंची एक राष्ट्रीय संघटना आहे, १९९१ पासूनची. तिच्या म्हणण्याप्रमाणे या माणसाची तीन कामं: कायदा राखणं, मुलांना कायद्याबद्दल शिकवणं, आणि अडीअडचणीत त्यांच्याशी बोलणं. चाळीस तासांचं एक खास ट्रेनिंगही ती देते.

आमच्याकडचं चित्र सांगते. सकाळी गाड्यांची रांग लागते तेव्हा ऑफिसर दारापाशी उभे असतात, चेहरा हसरा, बहुतेक मुलांची नावं पाठ, पोरं जाताजाता त्यांच्या मुठीला मूठ लावून आत पळतात. पहिलीतलं पोर त्यांच्या शेजारी उभं राहिलं की त्याचे डोळे बरोबर त्यांच्या पट्ट्याच्या उंचीवर येतात, आणि त्या पट्ट्यावर ओळीने बंदूक, विजेचा झटका देणारं टेझर, हातकड्यांची चामडी डबी, रेडिओ. वर्षातून ठरावीक वेळा लॉकडाउन ड्रिल, म्हणजे हल्ला झाला तर काय करायचं याचा सराव होतो, दिवे बंद करून मुलं भिंतीला टेकून गप्प बसतात आणि बाहेरून कोणीतरी एकेका वर्गाचं हँडल फिरवून बघतं, दार नीट लॉक झालंय का ते. माझ्या धाकट्याला त्या हँडलच्या आवाजाची भीती वाटते. हे करणारे ऑफिसर चांगले आहेत, माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, उलट दोन-तीन वेळा त्यांनी आमच्या भागातल्या एका घाबरलेल्या मुलाला फार प्रेमाने सांभाळलेलं मी बघितलंय.

प्रश्न माणूस चांगला की वाईट यापेक्षा त्याच्या कामाच्या सीमेचा आहे. आपल्याकडच्या सोसायटीचा वॉचमन डोळ्यासमोर आणा. चोर येऊ नये म्हणून ठेवलेला असतो. पण चोर काही रोज येत नाही, आणि माणूस तर चोवीस तास समोर आहे, म्हणून मग हळूहळू पार्किंगची भांडणं, जिन्यात चपला कोणी ठेवल्या, पोरं क्रिकेट खेळताना काच फुटली, सगळ्यासाठी "वॉचमनला बोलवा" सुरू होतं. आता कल्पना करा की त्या वॉचमनकडे हातकड्या आहेत आणि काच फुटली म्हणून तो पोराला थेट कोर्टात उभं करू शकतो. शाळेतल्या पोलिसाचं नेमकं हेच होतं. गोळीबार ही एका शाळेच्या बाबतीत अतिशय क्वचित, बहुतेक शाळांमध्ये कधीच न होणारी गोष्ट आहे. पण मधल्या सुट्टीतली मारामारी, बाथरूममधलं व्हेपिंग (ई-सिगारेट ओढणं), मोबाईल न देणं, टीचरला उद्धट बोलणं हे दररोज आहे.

शिस्त कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो?

दोन मुलांनी कॉरिडॉरमध्ये एकमेकांना ढकललं. शाळेच्या भाषेत ही मारामारी आहे, पालकांना फोन, दोन दिवस सस्पेंड, संपलं. कायद्याच्या भाषेत तीच घटना 'किरकोळ हल्ला' किंवा 'सार्वजनिक शांतता भंग' होऊ शकते. कृत्य तेच आहे, फक्त बघणारा कोण त्यावर मुलगा प्रिन्सिपलच्या ऑफिसात जाणार की बालन्यायालयात हे ठरतं. आणि टीचर थकलेली असेल, वर्गात तीस मुलं असतील, तर दाराबाहेर उभ्या असलेल्या पोलिसाला हाक मारणं सोपं पडतं, यात तिचा दोष आहे असंही मला वाटत नाही.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलायनातल्या स्प्रिंग व्हॅली हायस्कूलमध्ये गणिताच्या वर्गात एका मुलीने मोबाईलबद्दल सांगितलेलं ऐकलं नाही आणि सांगूनही वर्गाबाहेर जायला तयार होईना. टीचरने सांगितलं, मग शाळेचा अधिकारी आला, मग शेरीफ खात्याचा एसआरओ आला आणि त्याने त्या मुलीला बाकासकट उलटं पाडून फरशीवरून फरफटत ओढलं. वर्गातल्या मुलांनी व्हिडिओ काढले म्हणून जगाला कळलं. त्या अधिकाऱ्याची नोकरी गेली, पण त्या मुलीला आणि हे बघून ओरडून विरोध करणाऱ्या दुसऱ्या मुलीला अटक झाली होती, कलम होतं 'शाळेत व्यत्यय आणणे'. हो, त्या राज्यात तो गुन्हाच होता. २०१८ साली तो कायदा बदलावा लागला आणि २०२३ मध्ये फेडरल अपील कोर्टाने निकाल दिला की विद्यार्थ्यांवर लावलेला तो कायदा इतका मोघम होता की तो राज्यघटनेत बसत नाही.

२०१९ मध्ये फ्लोरिडात ऑरलँडोला सहा वर्षांच्या मुलीला अटक झाली. सहा. शाळेत ती चिडली, कर्मचाऱ्यांना लाथा मारल्या, आणि पोलिसाने हातांना प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिला गाडीत बसवलं. इतक्या लहान मुलाला अटक करायची तर वरिष्ठांची परवानगी लागायची, ती त्याने घेतली नव्हती, त्याला काढून टाकलं, खटला पुढे गेला नाही. नंतर फ्लोरिडाने अटकेचं किमान वय कायद्यात घातलं, ते किती तर सात वर्षं.

ही टोकाची उदाहरणं झाली, पण आकडेही बघा. २०१७-१८ या एका वर्षात अमेरिकेतल्या शाळांमधून सुमारे २ लाख ३० हजार वेळा मुलांची प्रकरणं पोलिसांकडे किंवा कोर्टाकडे गेली आणि साधारण ५४ हजार अटका झाल्या. त्याआधीच्या पाहणीत, २०१५-१६ मध्ये, काळी मुलं एकूण विद्यार्थ्यांच्या १५ टक्के होती पण अशा प्रकरणांत ती ३१ टक्के होती. अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणी असलेली मुलं १२ टक्के, प्रकरणांत २८ टक्के. ऑटिझम असलेलं मूल घाबरलं की त्याला 'शांत हो, हात मागे घे' ही ऑर्डर पाळता येत नाही, आणि ज्याला हे माहीत नाही त्याला तो विरोध वाटतो. म्हणूनच काळ्या समाजातले आणि अशा मुलांचे पालक या विषयावर इतके कळवळून बोलतात, त्यांच्या घरात हा प्रश्न रोजचा आहे.

टेक्सासमधल्या एका अभ्यासात दिसलं की शाळांना पोलिसांसाठी केंद्राचा निधी मिळाल्यावर तिथे शिक्षा वाढल्या आणि हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे अडीच टक्क्यांनी घसरलं.

"हे सगळं मान्य, पण बंदूकवाला आला तर?"

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण आई म्हणून माझ्याही मनात तोच पहिला येतो.

कोलंबाइनला शाळेचा एसआरओ होता. त्याने हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या, पण लांबून, आणि हल्ला थांबला नाही. पार्कलँडला एसआरओ होता, गोळीबार चालू असताना तो इमारतीत गेला नाही, त्याच्यावर खटला चालला आणि २०२३ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. युवाल्डीला तर डिस्ट्रिक्टचं स्वतःचं पोलीस खातं होतं, त्या दिवशी वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ पोलीस जमले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. एकोणीस मुलं, दोन शिक्षिका.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ४ सप्टेंबर २०२४ ला जॉर्जियात अपालाची हायस्कूलमध्ये चौदा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला, दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक गेले. तिथे शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर धोक्याचं बटण होतं, ते दाबलं गेलं, शाळेतले एसआरओ काही मिनिटांत त्याच्यासमोर उभे राहिले आणि तो शरण आला. ते तिथे नसते तर आकडा कुठे गेला असता याची कल्पना करवत नाही. त्यामुळे पोलिसाचा काहीच उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अभ्यास काय सांगतात? देशभरातल्या शाळांची माहिती घेऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की एसआरओ असले की मारामाऱ्यांसारखी हिंसा थोडी कमी होते, पण बंदुकीच्या घटना टळत नाहीत, आणि सस्पेन्शन, अटका मात्र वाढतात, काळ्या मुलांच्या बाबतीत जास्तच. यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. शाळेत गोळीबार करणारा बहुतेक वेळा त्याच शाळेचा आजी किंवा माजी विद्यार्थी असतो आणि बऱ्याचदा तो स्वतः मरायच्या तयारीने आलेला असतो. ज्याला मरायचंच आहे त्याला दारातल्या बंदुकीची भीती काय घालणार.

मग टाळायचं कसं? अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणारी यंत्रणा, तिने शाळांमधल्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सगळ्याच हल्लेखोरांचं वागणं आधीपासून काळजी वाटावी असं होतं, आणि बहुतेकांनी आपला बेत कुणाला तरी बोलून दाखवला होता. ज्यांनी बंदूक वापरली त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जणांना ती घरातूनच, आईवडिलांची किंवा नातेवाइकाची, मिळाली होती. म्हणजे खरी माहिती ही दुसऱ्या मुलांकडे असते. आणि मूल ती माहिती कोणाला देणार? ज्याच्यावर विश्वास आहे त्याला. आता इथे आधीचा मुद्दा परत जोडून बघा, जो पोलीस काल मित्राला व्हेपसाठी बेड्या घालून घेऊन गेला त्याच्याकडे मूल आज जाईल का?

जॉर्जियातच, अटलांटाच्या दक्षिणेला क्लेटन काउंटी आहे. तिथल्या शाळांमध्ये १९९० च्या दशकात पोलीस आले आणि कोर्टात येणाऱ्या मुलांची संख्या काही डझनांवरून हजाराच्या पुढे गेली, त्यातली बहुतेक किरकोळ प्रकरणं. बालन्यायालयाचे न्यायाधीश स्टीव्हन टेस्के वैतागले, कारण या गर्दीत खरोखर धोकादायक मुलांकडे बघायला वेळच मिळेना. २००४ मध्ये त्यांनी शाळा, पोलीस सगळ्यांना एका टेबलाशी बसवून लेखी करार करून घेतला: किरकोळ गोष्टीत पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा वर्कशॉप, तिसऱ्यांदा कोर्ट. प्रकरणं झपाट्याने खाली आली. टेस्के यांनी २०१२ मध्ये सिनेटच्या सुनावणीत हे सगळं मांडलं, आणि पोलिसांकडे मुलं स्वतःहून माहिती घेऊन येऊ लागली हेही ते आवर्जून सांगतात. पोलीस तेच, शाळा त्याच, फक्त कोणत्या गोष्टीत हात घालायचा नाही हे लिहून ठेवलं. फिलाडेल्फियानेही २०१४ पासून किरकोळ प्रकरणांत अटकेऐवजी मुलाला मदतीच्या कार्यक्रमाकडे पाठवायला सुरुवात केली आणि पहिल्याच वर्षी शाळेतल्या अटका निम्म्यापेक्षा खाली गेल्या.

"मग सरळ काढूनच टाका की!"

तेही करून झालंय. २५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाने जीव घेतला आणि आठवड्याभरात तिथल्या स्कूल बोर्डाने शहर पोलिसांबरोबरचा करार तोडला. ऑकलंडने आपलं शाळा पोलीस खातंच बंद केलं, लॉस एंजेलिसने बजेट कापलं, डेन्व्हरने पोलीस काढले. शिकागोत काही वर्षं प्रत्येक शाळेची स्थानिक समिती मत घेऊन ठरवत होती, २०२४ मध्ये बोर्डाने सगळ्याच शाळांमधून पोलीस हटवायचा निर्णय घेतला.

यातलं डेन्व्हरचं उदाहरण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. तिथल्या ईस्ट हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याची रोज सकाळी झडती घ्यायची असं ठरलं होतं, इतका तो धोकादायक वाटत होता. झडती घ्यायचे कोण, तर शाळेतलेच, हातात काही नसलेले दोन अधिकारी. २२ मार्च २०२३ ला त्या मुलाने त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. दोघं वाचले. दुसऱ्याच दिवशी बोर्डाने पोलीस परत बोलावले आणि नंतर ते कायमचे केले. पोलीस काढले, पण पोलिसाचं काम तिथेच राहिलं आणि ते शिक्षकांच्या गळ्यात पडलं, त्याची ही किंमत.

काढा म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र अगदी बिनतोड आहे, तो म्हणजे पैसा कुठे जातो. २०१९ मध्ये नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेच्या अहवालात होतं की सुमारे १७ लाख मुलं अशा शाळांत आहेत जिथे पोलीस आहे पण एकही काउन्सेलर नाही. काउन्सेलर म्हणजे मुलांशी बोलणारा, अभ्यासापासून घरच्या त्रासापर्यंत ऐकून घेणारा शाळेचा माणूस. त्यांची संघटना म्हणते २५० मुलांमागे एक तरी हवा. ज्या मुलाचं वागणं आधीपासून काळजी वाटण्यासारखं असतं त्याच्याकडे आधी कोणाचं लक्ष जायला हवं, याचंच हे उत्तर आहे.

आपल्या मुलांचा यात काय संबंध?

बराच आहे. आपण मुलांना शिकवतो, मोठ्यांना उलटं बोलू नये, पोलिसांनी काही विचारलं तर खरं काय ते सांगून टाकावं. संस्कार म्हणून उत्तम, पण इथल्या कायद्यात त्याचा परिणाम काय होतो ते माहीत हवं.

न्यू जर्सीत एडिसनला लागूनच असलेलं पिस्काटवे, जिथे आज आपली कितीतरी मराठी घरं आहेत, तिथल्या हायस्कूलमधली एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. चौदा वर्षांची मुलगी बाथरूममध्ये सिगारेट ओढताना सापडली, शाळेच्या अधिकाऱ्याने तिची पर्स उघडून बघितली. १९८५ मध्ये कोर्टाने सांगितलं की शाळेच्या अधिकाऱ्याला झडती घ्यायला वॉरंट लागत नाही, वाजवी संशय पुरतो. पोलिसाला एरवी यापेक्षा भक्कम कारण लागतं. पण शाळेतच बसलेला पोलीस यात कोण धरायचा, शाळेचा की पोलिसांचा? शाळेच्या सांगण्यावरून झडती घेत असेल तर अनेक कोर्टं शाळेचा सैल नियमच लावतात.

चौकशीचंही तसंच. नॉर्थ कॅरोलायनात सातवीतल्या तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातून उठवून एका खोलीत नेलं, आत पोलीस आणि शाळेचे अधिकारी, घरी फोन नाही, गप्प राहायचा हक्क आहे हेही सांगितलं नाही, आणि त्याने चोरी कबूल केली. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशा वेळी मुलाचं वय लक्षात घ्यावंच लागेल, कारण मोठा माणूस उठून जाऊ शकेल असं समजेल तिथे मुलाला तसं वाटत नाही. कॅलिफोर्नियात आता १७ वर्षांपर्यंतच्या मुलाची ताब्यात घेऊन चौकशी करण्याआधी वकिलाशी बोलणं सक्तीचं आहे, बाकी राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत.

म्हणून मी माझ्या मुलांना एवढंच सांगितलंय: ऑफिसरशी अदबीने बोल, धक्काबुक्की नाही, पळायचं नाही, खोटं बोलायचं नाही, पण प्रश्न तुझ्या किंवा मित्राच्या चुकीबद्दल असेल तर "मला आधी आईशी बोलायचंय" असं म्हण आणि मग थांब. यात उद्धटपणा काहीच नाही. आणि ज्या घरात व्हिसाचा मामला आहे तिथे मुलावर काहीही लेखी आरोप आला तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, ओळखीतल्या काकांना नको.

भारतातल्या वाचकांना प्रश्न पडेल की आपल्याकडे काय. पुण्यात पोलिसांनी 'पोलीस काका' उपक्रम सुरू केला, त्यात पोलीस शाळांच्या संपर्कात असतो, तिथे ठाण मांडून बसत नाही. आणि कागदावर तरी आपला २०१५ चा बालन्याय कायदा या बाबतीत फार समजूतदार आहे, प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांसाठी वेगळा नेमलेला अधिकारी, मुलांशी बोलताना शक्यतो साध्या कपड्यात, हातकड्या नाहीत, कोठडी नाही. प्रत्यक्षात किती पाळतात हा वेगळा विषय, पण पोलिसाने मुलाशी कसं वागायचं हे आधी लिहून ठेवायची कल्पना तीच आहे, जी क्लेटनला उपयोगी पडली.

पालक म्हणून नेमकं काय विचारायचं?

शाळा आणि पोलीस यांच्यात बहुतेक ठिकाणी एक लेखी करार असतो, त्याला 'एमओयू' किंवा, आमच्या न्यू जर्सीत, 'एमओए' म्हणतात. न्यू जर्सीत तर राज्याने ठरवून दिलेला एकच नमुना आहे आणि तो दरवर्षी बघून त्यावर सह्या करायच्या असतात. हा कागद सार्वजनिक असतो, डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर शोधा, नाही सापडला तर ईमेल करून मागा. आणि मग त्यात बघा: शिस्तीचा भंग शाळेने हाताळायचा, पोलिसाने नाही, असं स्पष्ट शब्दांत आहे का. चौकशीआधी पालकांना फोन करणार का, की नंतर. बेड्या किंवा बळाचा वापर कधी आणि किती वयाच्या मुलावर. ऑफिसरला किशोरवयीन मुलं, ऑटिझम, मानसिक ताण याबद्दल वेगळं ट्रेनिंग आहे का, आणि ऑफिसर निवडताना शाळेचं मत घेतात का. गेल्या वर्षी किती प्रकरणं पोलिसांकडे गेली आणि कशासाठी, हा आकडा मागायला विसरू नका, तो हमखास सगळ्यात जास्त बोलतो.

मिनेसोटात २०२३ मध्ये शाळेत मुलांना पालथं पाडून दाबून धरण्यावर कायद्याने बंधन आलं तर अनेक पोलीस खात्यांनी आपले एसआरओ शाळांमधून काढून घेतले, आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाला कायदा पुन्हा दुरुस्त करावा लागला. यावरून कळेल की कागदावरची एकेक ओळ पोलिसांसाठीही किती महत्त्वाची असते. स्कूल बोर्डाच्या मीटिंगला शेवटी किंवा सुरुवातीला लोकांना बोलायला वेळ देतात, माणशी दोन-तीन मिनिटं, नाव आणि पत्ता सांगून उभं राहायचं. आमच्या भागात आपली इतकी घरं आहेत, पण त्या माईकसमोर आपल्यातलं कोणी मला फारसं दिसत नाही. करार पुन्हा सहीला येतो त्या महिन्यातली मीटिंग कोणती ते शाळेच्या ऑफिसात विचारा आणि दोघं-तिघं मिळून जा.